वीरगळाचा तळचा पट : बरी स्टँडरला आठवताना आपण काय विसरतो

हा धागा दक्षिण आफ्रिकेतील एका सायकलपटूविषयी आहे. भांडण मात्र आपल्या घरातले आहे. धागा लांबला आहे, सवडीने वाचावा.

अकाली गेलेल्या खेळाडूविषयी लिहिण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत पडली आहे. वर कृष्णधवल छायाचित्र, खाली पदकांची यादी, मग ‘नियतीच्या मनात वेगळेच होते’ हे वाक्य, आणि शेवटी ‘आवडते काम करतानाच त्याने देह ठेवला’ असा दिलासा. एखाद्या लढाईची तिथी चुकली तर पाठोपाठ दहा प्रतिक्रिया लिहिणारी आपली इतिहासप्रेमी मंडळीही या ठिकाणी मुकाट्याने हात जोडतात. हात जोडण्याला माझी हरकत नाही. हात जोडून झाले की प्रश्न विचारायचे राहून जातात, त्याला आहे.

उदाहरण म्हणून बरी स्टँडर निवडला, याला कारण आहे. त्याच्याविषयी माहिती भरपूर उपलब्ध आहे, त्याच्या मृत्यूचा खटला चालला आहे, आणि तो आपल्यापैकी कोणाचा नातलग वा गाववाला नसल्यामुळे थोड्या कोरडेपणाने बोलता येते.

स्टँडरचा जन्म १६ सप्टेंबर १९८७ चा. गाव पोर्ट शेपस्टोन, क्वाझुलू-नाताल प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावरचे. तेव्हा त्या देशावर वर्णभेदी राजवट होती आणि ऑलिंपिकचे दार त्याला बंद होते. ते उघडले १९९२ साली, बार्सिलोनात. माउंटन बाइक हा खेळही नवखाच होता. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण १९७० च्या दशकात जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरउतारावरून दामटू लागले, १९७६ मध्ये त्यांनी घड्याळ लावून शर्यती सुरू केल्या, आणि त्यातून हा खेळ उभा राहिला. पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये झाली, ऑलिंपिकमध्ये प्रवेश १९९६ मध्ये मिळाला. म्हणजे ज्या खेळात स्टँडर पुढे नाव काढणार होता, तो खेळ आणि त्याचा देश, दोघेही त्याच्या बालपणीच जगाच्या मैदानात पाऊल ठेवत होते.

त्याचा प्रकार क्रॉस कंट्रीचा. दगड, झाडांची मुळे, चिखल, अंगावर येणारे चढ आणि पोटात गोळा आणणारे उतार असलेल्या वाटेवर ठरावीक फेऱ्या मारायच्या. सुमारे दीड तास फुप्फुसे फाटेपर्यंत दम टिकवायचा. या प्रकारावर युरोपाची पकड होती. स्विस, फ्रेंच, स्पॅनिश आणि चेक खेळाडूंच्या त्या रांगेत पोर्ट शेपस्टोनचा हा पोरगा २००८ मध्ये बीजिंगला विसाव्या वर्षी पंधरावा आला. २००९ मध्ये कॅनबेरा येथे तो तेवीस वर्षांखालील गटाचा जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी कॅनडात, प्रौढ गटात, कांस्यपदक. केप एपिक ही दोघा-दोघांच्या संघांची आठ दिवसांची अवघड शर्यत त्याने स्विस सहकारी क्रिस्तोफ साउझर याच्यासह २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. त्यापूर्वी कोणाही दक्षिण आफ्रिकी पुरुषाला ती जिंकता आली नव्हती. २०१२ मध्येच पीटरमारिट्झबर्ग येथे, आपल्याच प्रांतातील प्रेक्षकांसमोर, त्याने विश्वचषकाची फेरी मारली. (पीटरमारिट्झबर्ग म्हणजे तेच स्थानक, जिथे १८९३ मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवले गेले. इतिहासाच्या धाग्यात हे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

१२ ऑगस्ट २०१२, लंडन ऑलिंपिकची शर्यत. कुल्हावी, शुर्टर, फोंताना, एर्मिदा आणि पाचवा स्टँडर. तिसऱ्या आलेल्या फोंतानाच्या सायकलचे आसन शेवटच्या फेरीत निखळून पडले होते, तो उभ्यानेच पेडल मारत आला. त्यामुळे त्या शर्यतीची आठवण निघाली की सगळे त्या आसनाविषयीच बोलतात. पाचव्या क्रमांकावर आलेला खेळाडू चोवीस वर्षांचा होता आणि या प्रकारातील क्रीडापटू तिशीच्या आसपास ऐन भरात येतात, हे त्या गडबडीत मागे पडते.

पाच महिनेही झाले नाहीत. ३ जानेवारी २०१३ रोजी शेली बीच या गावी, घरापासून फार दूर नाही, सरावासाठी सायकलवर असताना एका मिनिबस टॅक्सीची धडक बसून तो ठार झाला. वय पंचवीस.

आता त्या ठरीव रीतीकडे परत या आणि हे मरण तिच्यात बसवून पाहा. ‘साहसाची किंमत मोजली.’ कोणते साहस? ‘डोंगराने आपला भक्त नेला.’ कोणता डोंगर? ज्या खडकाळ उतारांवर त्याने वर्षानुवर्षे देह पणाला लावला, त्यांनी त्याला घरी परत पाठवले. तो गेला डांबरी रस्त्यावर, जिथून दूधवाला जातो, शाळेची मुले जातात. ब्रिटनमधील उतार-शर्यतींचा आद्य तारा जेसन मॅक्रॉय १९९५ च्या ऑगस्टमध्ये तेविशीत गेला, तोही शर्यतीत नव्हे. रस्त्यावर मोटारसायकलवर असताना. स्टँडरच्याच देशाची कार्ला स्वार्ट ही तरुण सायकलपटू जानेवारी २०११ मध्ये सराव करताना ट्रकखाली आली, स्टँडरच्या दोनच वर्षे आधी.

खेळ निर्धोक आहे असे मी म्हणत नाही. नेदरलँड्सची आनेफ्लूर काल्वेनहार २०१४ मध्ये फ्रान्समधील मेरिबेल येथे विश्वचषकाच्या वाटेवरच पडली आणि त्या दुखापतीने विसाव्या वर्षी गेली. ते मरण खेळातले होते. तिथे प्रश्न वाटेच्या आखणीचे, सुरक्षेच्या जाळ्यांचे, वैद्यकीय पथकाचे. स्टँडरच्या मरणाचे प्रश्न वेगळे आहेत. दोन्ही मरणांवर ‘साहस’ हा एकच शिक्का मारला की दोन्हीकडचे प्रश्न पुसले जातात.

कोणी म्हणेल, डोंगरात शर्यत लावणारा माणूस डांबरावर काय करत होता? माउंटन बाइकचे खेळाडू सरावाचा मोठा भाग रस्त्यावरच करतात. दीर्घकाळ एकसारखा जोर लावत राहणे, ठरावीक मिनिटे हृदयाचे ठोके ठरावीक पातळीवर ठेवणे, हे दगडधोंड्यांच्या वाटेवर साधत नाही. कौशल्य मातीत कमवायचे आणि दम डांबरावर. रस्ता ही त्यांची तालीम आहे.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ, कारण मला जे म्हणायचे आहे ते इथल्या दगडांत आधीच कोरलेले आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील जुन्या गावांतून हिंडताना, मारुतीच्या किंवा भैरवनाथाच्या देवळापाशी, वेशीजवळ, कधी गोठ्याच्या भिंतीत चिणलेले, शेंदूर फासलेले उभे दगड आपण पाहिलेले असतात. वीरगळ. वाचायचे खालून वर. तळच्या पटात झुंज : कोणी ढाल-तलवार घेऊन उभा, कोणी पडलेला, कुठे समोर घोडेस्वार, कुठे मागे गायींची रांग. मधल्या पटात अप्सरा त्या वीराला वर नेत आहेत. वरच्या पटात तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य आणि कलश. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. नाव नाही, तिथी नाही, गोत्र नाही. पण तळच्या पटात गायी कोरल्या असतील तर सातआठशे वर्षांनंतरही आपण सांगू शकतो की हा माणूस गुरे पळवणाऱ्यांशी लढताना पडला. समोर वाघ असेल तर वाघाशी.

ज्याने तो दगड घडवला त्या पाथरवटाला मेलेल्याविषयी आदर नव्हता असे कोण म्हणेल? त्याने त्याला अप्सराही दिल्या आणि कैलासही दिला. पण दगडाची सुरुवात त्याने मरणाच्या कारणापासून केली. गावाला पुढच्या पिढ्यांना सांगायचे होते : इथे गुरे पळवली जातात, या दिशेने येतात, हा माणूस तिथे उभा राहिला.

आपण आज जी स्मरणे लिहितो त्यांत वरचे दोन पट असतात. अप्सरा शब्दांच्या असतात, कैलास छायाचित्राच्या चौकटीचा. तळचा पट कोरा. नाव ठळक अक्षरात, जन्मतिथी-मृत्युतिथी बिनचूक, आणि मरण कसे आले या जागी ‘अपघाती निधन’. पाथरवटाने नाव गाळले आणि कारण ठेवले. आपण नेमके उलटे केले आहे. मला हे फार लाजिरवाणे वाटते, विशेषतः इतिहासाच्या नावाने चालणाऱ्या पानांवर.

स्टँडरचा तळचा पट कोरायचा झाला तर काय कोरावे लागेल? नुसता ‘बेदरकार चालक’ पुरणार नाही. चालकावर खटला झाला, निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, ते योग्यच झाले. पण ती मिनिबस त्या रस्त्यावर त्या घाईत का होती, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

१९५० च्या वसाहत-विभागणी कायद्याने काळ्या आणि अन्य गौरेतर लोकांना शहरांपासून दूर हुसकले. कामे शहरात, घरे कोसोगणती लांब. रेल्वे आणि बस त्यांना पुरेशा नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यांची भाडेवाढ हा वारंवार संघर्षाचा विषय होई. या पोकळीत खासगी मिनिबस शिरल्या. १९८७ ची श्वेतपत्रिका आणि १९८८ चा वाहतूक-निर्बंधमुक्तीचा कायदा यांनी त्यांना मोकळे रान दिले. परवाने सुटले, नियमन मागे राहिले. मार्गांच्या ताब्यासाठी टोळ्यांच्या गोळीबारापर्यंत मजल गेली. आज त्या देशातील सर्वसामान्य प्रवाशांचा मोठा भाग याच वाहनांतून कामावर जातो. पुष्कळ ठिकाणी चालकाने मालकाला ठरलेली रक्कम द्यायची आणि वर उरेल ते स्वतःचे, अशी पद्धत आहे. फेऱ्या जितक्या जास्त, तितकी चूल पेटण्याची खात्री. अशा व्यवस्थेत घाई हा धंद्याचा भाग होतो.

याने चालक निर्दोष ठरत नाही, हे पुन्हा सांगतो, कारण कोणीतरी तसा आरोप करणारच. पण एका माणसाला तुरुंगाची वाट दाखवून ज्यांचे समाधान झाले, त्यांनी झुंजीच्या पटातला एकच शत्रू कोरला आणि बाकीचे सैन्य सोडून दिले.

आपल्याकडे याचे काय, हे नगरकरांना सांगायला नको. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस पुणे-नगर मार्गावर धावली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्या घटनेचा अर्थ असा होता की वाहतूक ही ज्याच्या हाती गाडी त्याच्या मर्जीवर न सोडता सार्वजनिक सेवा म्हणून, वेळापत्रकाने आणि पगारी चालकाने चालवायची. जिथे ती सेवा पातळ होते, तिथे काळी-पिवळी जीप येते. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि हलली की गेलेला वेळ भरून काढते. शेली बीचची मिनिबस आणि आपली काळी-पिवळी यांचे मूळ एक नाही. तिथे वंशभेद आहे, इथे दुर्लक्ष. रस्त्याच्या कडेने सायकल मारणाऱ्याला मात्र दोहोंचा वारा सारखाच लागतो.

त्यात आपली खास भर म्हणजे ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना परावर्तक, बाहेर आलेली उसाची टोके. पहाट ही सायकलपटूच्या सरावाचीही वेळ. शिवाय रस्ता रुंद झाला की साइडपट्टी खडीची राहते, आणि मोठ्या गाडीने कर्णा वाजवला की सायकलवाल्याने त्या खडीत उतरावे अशी रीतच आहे. पुणे-नाशिक महामार्गावर किंवा नगर-मनमाड रस्त्यावर ज्यांनी एकदा तरी सायकल चालवली आहे त्यांना हे ठाऊक आहे.

राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत पदके मिळवणारी प्रणिता सोमण याच जिल्ह्याची, संगमनेरची. म्हणजे हा खेळ आपल्यासाठी आता परदेशी बातमी राहिलेला नाही. अकोल्याच्या डोंगरवाटा, कळसूबाईच्या पायथ्याची गावे, चंदनापुरीचा घाट, हे सगळे खेळाडू घडवू शकणारे रान आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळातील पोनमुडी येथे भरली. ऑलिंपिकच्या या प्रकारात मात्र भारताचा कोणी अद्याप उतरलेला नाही. १९६४ च्या टोकियोनंतर तर कोणत्याच सायकल प्रकारात नाही. पुढचा प्रथम-पुरुष किंवा प्रथम-स्त्री आज कुठल्यातरी तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे दम कमवत असेल. त्या रस्त्याविषयी बोलणे म्हणजे इतिहास सोडून समाजकार्य करणे, असे ज्यांना वाटते त्यांच्याशीच माझा वाद आहे.

एक आक्षेप मला मनापासून विचारात घ्यावासा वाटतो. आप्तांचे दुःख ओले असताना रस्ता, वेग, परवाना यांची चर्चा निर्दय नाही का? पहिल्या दिवशी, होय. तेव्हा गप्प बसावे. पण आपण पहिल्या दिवशी गप्प बसत नाही. त्या दिवशी आपण ‘हेल्मेट घातले होते का?’ असे विचारतो. म्हणजे चौकशीची हौस आपल्यालाही आहे, तिची दिशा फक्त मेलेल्याकडे असते. पाचव्या, दहाव्या स्मृतिदिनी, जेव्हा खरोखर प्रश्न विचारता येतात, तेव्हा आपण अप्सरा कोरत बसतो.

दुसरा आक्षेप असा की कारण शोधून उपयोग काय, माणूस परत येतो का? दक्षिण आफ्रिकेत त्याच्या मृत्यूनंतर अनेक शहरांत सायकलस्वार रस्त्यावर उतरले. त्याच वर्षाच्या अखेरीस वेस्टर्न केप या प्रांताने सायकलला ओलांडताना किमान एक मीटर अंतर राखण्याचा नियम केला. तो एकट्या स्टँडरमुळे झाला असे म्हणणार नाही. आधीपासून झगडणाऱ्या संघटना होत्या, आणि तो ज्या प्रांतात गेला तो हा नव्हेच. नियम केल्याने टॅक्सीचे अर्थकारणही बदलले नाही. पण तिथल्या लोकांनी शोकसभेत ‘मीटर’ हा शब्द उच्चारला, एवढे खरे.

आणि त्याच्या जोडीदाराने काय केले तेही पाहा. मार्च २०१३ च्या केप एपिकमध्ये साउझर उतरला तो लंडनचा सुवर्णविजेता कुल्हावी याला बरोबर घेऊन. संघाच्या नावात ‘बरी स्टँडर’ आणि ‘साँगो’ ही दोन नावे. साँगो म्हणजे स्टेलनबॉशजवळच्या कायामंडी या काळ्या वस्तीतील मुलांना सायकलवर बसवणारी संस्था, साउझरनेच साँगो फिपाझा या मित्रासह उभी केलेली. ती शर्यत त्यांनी जिंकली. ज्या वस्त्यांमधून ती टॅक्सीव्यवस्था जन्मली, तसल्याच एका वस्तीतील पोरांचे नाव आणि मृत मित्राचे नाव एकाच सदऱ्यावर होते. साउझरने हे इतके ठरवून केले असेल असे नाही. मला मात्र ते दिसते, आणि धाग्याधाग्यांतून फिरणाऱ्या त्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रापेक्षा हे स्मरण मला अधिक पुरे वाटते.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, ही केंद्र सरकारची आकडेवारी. त्यांत खेळाडू किती, सराव करताना गेलेले किती, याची वेगळी यादी आपल्यासमोर येत नाही. ही यादी करायला बखरी लागत नाहीत. स्थानिक वृत्तपत्रांच्या फायली आहेत. गुन्हा नोंदवला असेल तर प्रथम खबर आहे, पंचनामा आहे, निकाल लागला असेल तर निकालपत्र आहे. पंचनाम्याची भाषा रूक्ष असते, पण रस्त्याची रुंदी, टायर घासल्याच्या खुणांची लांबी, उजेड होता की अंधार, हे सारे त्यात असते. तळचा पट तोच.

तेव्हा या धाग्याखाली हळहळीच्या प्रतिक्रिया नकोत. आपल्या गावातल्या वीरगळाचे छायाचित्र टाका, तळच्या पटात काय कोरले आहे ते दोन ओळींत लिहा. शेंदराने बुजला असेल तर शेंदूर खरवडू नका, तिरप्या उन्हात सकाळी जाऊन पाहा, आकृत्या उठून दिसतात. आणि आपल्या तालुक्यात सराव करताना रस्त्यावर गेलेला धावपटू, सायकलपटू, कुस्तीगीर कोणी ठाऊक असेल, तर घरच्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच, एवढे कळवा : कोणता रस्ता, किती वाजता, कोणते वाहन, पुढे काय झाले. नाव त्यांनी नको म्हटले तर नावाशिवाय चालेल.